वीतभर दर्या

दर बुधवारी मी टाउन हॉलच्या म्युझियमात जातो.
लेक म्हणते, बाबा, तेच ते किती वेळा बघायचं?
तिला काय सांगू,
विजयदुर्ग ते मलपे, मलपे ते विजयदुर्ग
छत्तीस वर्षं तोच किनारा बघितला
आणि दर खेपेला एखादा नवा खडक सापडायचाच.

दारावरचा आनंदा चौगुले मान हलवतो.
"आलासा तांडेल? जावा, तुमचा द्येव बसलाय वाट बघत."

बसलेला नाही तो. उभा आहे.
काचेच्या पेटीत, वीतभरही नसेल,
ब्रह्मपुरीच्या टेकाडातून निघालेला,
काशाचा, दाढीवाला, उघडाबंब,
रोमकांचा दर्यादेव.
एक हात वर. मूठ वळलेली.
मुठीत काही नाही.
त्रिशूळ असणार, असं म्हणतात जाणकार.
मी म्हणतो, दोर असेल.
परबाण फिरवताना हात असाच लागतो,
कोपर जरा दुमडून, खांदा सैल.

कुणाच्या तरी गलबतातून आला असेल,
दारूच्या रांजणांमध्ये गवतात गुंडाळून.
मग बैलाच्या पाठीवर घाट,
मग पंचगंगेचा काठ,
आणि कुणीतरी विचारलंच असेल त्याला,
इथं कुठं हो दर्या?
मला शेजारच्या काकूंनी विचारलं तसंच.
मी आलो गगनबावड्याच्या एस.टी.नं.
एक ट्रंक, एक होकायंत्र,
शेवंती गेल्यानंतरचं एक वर्ष.

जाता-येता जुन्या पेठांची छपरं बघतो.
मंगलोरी कौलं.
त्यातली काही माझ्या मचव्यातून उतरली असतील.
फुटली किती, ते मालकाला कधी खरं सांगितलं नाही.

शेजारच्या दालनात एक समुद्र टांगलाय, तैलरंगातला.
लाटा बऱ्या जमल्यात.
पण शीड फुगलंय उत्तरेला
आणि निशाण फडफडतंय दक्षिणेला.
चितारी इथलाच; वारा त्यानं
रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून ठरवला असणार.
चौगुल्याला दाखवलं, तर म्हणतो,
"आवो, झेंड्याला दुसरा वारा लागला असंल."
हसलो मी. आणि त्या रात्री
डोळ्याला डोळा लागला नाही.

कारण झालं होतं तसं. एकदा.
एकाहत्तर साल, शिमगा सरलेला,
वाघोटन खाडीच्या तोंडाशी अठरा होड्या.
वर बावट्याला जमिनीकडची मतलई,
खाली शिडात समुद्राचा वारा,
होडी कलली, आणि दामणीवरचा भिवा
पाण्यात.
मी मागं बघितलं.
बघितलं, हे नक्की. लोकांना सांगताना
मी ते गाळतो.
हसन सोलकरची होडी दुसरी होती, वीस हात मागं.
तिचं शीड खाली येताना दिसलं मला.
मग मी पुढं बघितलं.

चांदीचा पेला मिळाला.
हसन शेवटून दुसरा आला
आणि धक्क्यावर त्यानं भिवाला
आपला कोरडा सदरा दिला.
भिवा पुढं अकरा वर्षं माझ्याच मचव्यावर होता.
एका शब्दानं बोलला नाही.
बोलला असता तर बरं.
पेल्यात आता नातू पेन्सिली ठेवतो.

म्हणून परत काचेपाशी येतो.
दोर नसेल. त्रिशूळही नसेल.
वाकून, मान तिरपी करून बघितलं,
तर मूठ पुरती मिटलेली नाही त्याची,
मधे जागा आहे,
मनगटाएवढी.
हसनचा हात असाच वर आला होता
भिवाला ओढून घेताना.
हे मला दिसलेलं नाही.
मी पुढं बघत होतो.

"चला तांडेल, कुलूप लावायचं हाय."
काचेवर माझ्या बोटांचे ठसे राहतात.
चौगुले खिशातलं फडकं काढतो,
पुसतो,
आणि फडकं घडी करून
पुन्हा त्याच खिशात ठेवतो.