बावीस लिटर

पेटीच्या पोटात बावीस लिटर हवा मावायला हवी.
हे गणित मी विजेच्या बिलामागे केलं, तीनदा,
आणि तीनदाही वूफरच्या पाठचं लोहचुंबक
धरायला विसरले.

बर्न्लीतलं हे तळघर. पूर्वी कोळशाची खोली होती,
अजूनही भिंतीला टेकलं की कोपर काळं होतं.
बर्चच्या प्लायवूडचे पाच तुकडे, अठरा मिलिमीटर,
सरस लावून शिकंज्यात आवळलेत.
पाठ मात्र नुसती स्क्रूवर. परतीची वाट असू द्यावी.
एमडीएफ स्वस्त पडलं असतं,
पण त्याची धूळ छातीत बसते,
आणि छातीत बसलेल्या धुळीबद्दल
आमच्या घरात पुरेसं बोलून झालंय.

प्रश्न तोंडाचा होता.
भोक पाडून नळी बसवावी, तर खर्ज खोल उतरतो
पण रेंगाळतो, पंगत उठल्यावरही
पाटावर बसून राहिलेल्या पाहुण्यासारखा.
बंद ठेवावी, तर लवकर संपतो,
पण बोलतो तेवढं नेमकं.
झाकली मूठ, म्हटलं. बंदच ठेवली.

कपॅसिटर चार पौंडांचा घेतला.
चाळीसचाही होता, अंगावर सोनेरी अक्षरं.
बाबा फोनवर म्हणाले,
गूळ कसा आहे ते दुकानदाराला नको, मुंगळ्याला विचार.

क्रॉसओव्हर चोविसशे हर्ट्झवर.
वरचं सगळं ट्वीटरकडे, खालचं वूफरकडे.
वाटणी कागदावर सोपी असते.
बांधावर दोघंही थोडं थोडं बोलतात,
आणि एकाची तार उलटी जोडली
की नेमका मधला आवाज खड्ड्यात जातो.
गेला. तार पालटली. आला.

आत भरायला लोकर शेजारच्या मॉरीन हारग्रीव्ह्जनं दिली,
जुनी उशी उसवून.
वय चौऱ्याऐंशी. पंधराव्या वर्षी विणकामाच्या शेडमध्ये गेली,
तिशीच्या आत कान गेले.
गुडघ्यांना शिव्या देत जिना उतरली
आणि पेटीवर तळवा ठेवून उभी राहिली,
गाय गाभण आहे का बघतात तशी.

मी वीस हर्ट्झपासून सूर चढवत नेला.
माइकच्या आलेखात रेघ शहाण्यासारखी सरळ.
"थांब," ती म्हणाली. "मागे ये. अजून. इथे."
डाव्या बगलेला, मध्याच्या जरा खाली
तिनं पेन्सिलीनं फुली मारली.
"इथलं लाकूड स्वतःचंच काहीतरी गातंय."

आत आडवा टेकू हवा होता.
तिनं घरून गिरणीतली बॉबिन आणली,
चाळीस वर्षं खिडकीत ठेवलेली. म्हणाली, लाव.
बॉबिन अर्धा इंच तोकडी पडली.
मग झाडूचा दांडा कापला. तो ठोकून बसला.
बॉबिन ती परत घेऊन गेली.
मला वाटतं, तिला बरंच वाटलं.

चाचणीला माणसाचा आवाज सगळ्यात अवघड.
सतार कशीही वाजली तरी गोड लागते,
ओळखीचा माणूस चूक पकडून देतो.
मी बाबांचा लावला: इचलकरंजी, मागे बारा माग चालू,
"जेवलीस का? काय? अगं, जेवलीस का?"
खटखट इतकी सुटी आली
की एकेक धोटा मोजता यावा.

मॉरीनचा हात पेटीवर.
"एक माग लंगडतोय," म्हणाली. "आणि हा कोण ओरडतोय?"
मी आवाज न काढता, ओठ ताणून सांगितलं: माझे वडील.
तिच्या शेडमध्ये सगळ्या असंच बोलायच्या.
"मग त्यांना सांग, घसा कशाला फाडता? ओठ हलवा.
समोरचा बघत असला की कळतं."

त्यासाठी व्हिडिओ कॉल करायला हवा.
ते फोन पंख्याकडे धरतात.

दुसऱ्या पेटीचे तुकडे अजून भिंतीला टेकून आहेत,
कडा काळ्या पडल्यात.