हिशेबात धरलेलं

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा तपासायचे. छत्तीस वर्षं.
कोपरा फिका, रेघ सरकलेली,
असा ताव बाजूला काढायचा, खूण करायची.
संध्याकाळी भोंगा, मग फाटकावर झडती,
हात वर, खिसे उलटे.
दिवसभर लाखो रुपये गेले त्या बोटांतून
आणि घरी आला फक्त शाईचा वास.

म्हणूनच असेल, फुकट मिळण्याचं त्यांना भारी वेड.
"कागद आपण होऊन नोट होत नाही," म्हणायचे,
"कितीही पांढरा असू दे. वरून छाप बसते तेव्हा होतो.
आपलं नीतिमत्त्व तसलं.
दुसऱ्याचं. आपल्या नावावर धरलेलं."

आणि एलिशाकाका लोंढे,
शरणपूरच्या देवळातून उपासना सुटली की आमच्याकडे,
बशीत फुंकर घालत:
"शमुवेल, ती नोट तू ट्रंकेत घडी करून ठेवलीस,
दारात माणूस उपाशी उभा,
मग ती नोट की रद्दी?"

तीस वर्षं हेच.
तंबू शिवणारा प्रेषित बाबांच्या बाजूने,
प्रभूचा भाऊ काकांच्या,
मध्ये खारी बिस्किटं.
आई म्हणायची, या दोघांना वरतीही
फाटकाबाहेर बसवतील, मिटेस्तोवर.

काका नुसते बोलणारे नव्हते.
सिव्हिलमधल्या बेवारस मयतांना त्यांचा खांदा,
कुणाची फी, कुणाचं रेशनकार्ड,
गंगेला पूर आला तेव्हा तीन रात्री घरी नाहीत.
बाबा प्रार्थना करायचे.
चांगली करायचे, खरंच,
पण मला कॉलेजात असताना त्यांची थोडी लाज वाटायची.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात
काकांची उजवी बाजू गेली. जीभही अर्धी.
काकू कधीच वारलेल्या, मुलगा मस्कतला,
पैसे पाठवतो, नर्स टिकत नाही.

चौथ्या दिवशी बाबांनी दाढीचं सामान पिशवीत भरलं.
"कुठे?"
"लोंढ्याकडे."
जेलरोडवरून पहिली बस, कानटोपी, हातात तुरटीची पुडी.
मग रोजच. कुणाला सांगितलं नाही,
प्रार्थनेतही नाही, मी ऐकत होते.

एकदा मी बरोबर गेले.
त्यांनी काकांना कुशीवर वळवलं, पुसलं,
खालचं भांडं काढलं,
चादर ओढली कडेला कड लावून,
जशी तावांची थप्पी सारखी करत असतील.
काकांच्या डोळ्यांतून पाणी.
"फु… फुकट," म्हणाले. "सग्… सगळं फुकट."
बाबांनी ब्रश फेसात घोळवला.
"मग? तीस वर्षं तुला काय सांगत होतो?
हनुवटी वर कर."

काकांनी चांगला हात उचलला.
बोट ब्रशकडे,
बोट कोपऱ्यातल्या भांड्याकडे,
बोट बाबांच्या छातीवर.
म्हणजे: आणि हे? हे काय चाललंय, शमुवेल?

बाबांचा वस्तरा हवेत राहिला.
त्यांच्याकडे उत्तर नाही असं
मी पहिल्यांदा पाहिलं.
मग म्हणाले, "मी मोजत नाही आता. रिटायर झालो."

वस्तऱ्याखाली हसायचं नसतं.
काका हसले, अर्ध्या तोंडाने,
गालावर रक्ताचा ठिपका आला.
बाबांनी तुरटी फिरवली, पुटपुटले,
"जिंकलास म्हण."
काकांनी मान हलवली: नाही, तू.
"अरे, तू!"
नाही. तू.

मी घमेलं उचललं,
मागे सीताफळाच्या बुंध्याशी ओतलं.
पाणी लगेच जिरलं, फेस थोडा वेळ राहिला.
आत आवाज चढले होते,
एक पूर्ण, एक अर्धा,
आता एकमेकांची बाजू घेऊन.

थंडी होती. मी तिथेच उभी राहिले.
चहा कुणीतरी टाकायला हवा होता.