चार अंश अलीकडे

फैजपूरच्या वजनकाट्यामागे, कडुलिंबाखाली,
तीन दिवस माझ्या ट्रकचं तोंड उघडं होतं.
रेडिएटर भिंतीला टेकवलेला, पुढचं झाकण निघालेलं,
आत दातात दात घालून दोन गिअर
आणि समोरासमोर कंपनीच्या दोन खुणा.
बाबांच्या वेळची गाडी.
त्या खुणांना कुणी कधी हात लावला नव्हता.

हुरमत तडवी काडीनं दात मोजत म्हणाला,
"बोल भो, तुले पयाले पाहिजे का चढाले?
दोन्ही देनारं इंजिन मले अजून कोनी दाखवलं नाही."

मला बिजासनचा घाट आठवला.
पळासनेर सुटलं की पहिल्या गिअरात कण्हणारी गाडी,
मागे दहा टन केळी, हिरवी, पण पिकायच्या घाईतली,
आरशात दिव्यांची रांग, शिव्या.
चढाले, म्हणालो.

एक अख्खा दात सरकवला तर फार होतं.
व्हॉल्व्ह पिस्टनच्या डोक्यात बसतो.
म्हणून त्यानं चावीच नवी घासायला घेतली:
पेराहून लहान पोलादाचा तुकडा,
खालून सरळ, वरून केसभर बाजूला सरलेला.
दुपारभर कानस.
आयटीआयला जाणारी पुतणी सायराबी
डायलवर वाकून आकडे बोलत होती,
"दोन... तीन... काका, थांबा. चार."

मग घरून मागवलेला कळण्याच्या पिठाचा गोळा.
मला वाटलं, भाकरी टाकतो की काय इथंच.
त्यानं चिमूटभर पिस्टनच्या माथ्यावर थापलं,
हेड बसवलं, पान्यानं इंजिन हातानंच फिरवलं,
दोन फेरे, झोपलेल्या पोराची कूस बदलावी तसे.
हेड परत काढलं.
पिठात व्हॉल्व्हचा गोल ठसा.
ब्लेडनं कापून तो नखाशी धरून पाहिला बराच वेळ.
"वाचलं," म्हणाला,
आणि उरलेला गोळा कोंबड्यांना टाकला.

आता दार जरा आधी मिटतं.
पूर्वी संथ चालीत घेतलेला श्वास
थोडा आल्या वाटेनंच निघून जायचा.
मला एवढंच कळलं.

गुरुवारी रात्री सावद्याहून भरली.
घाटात तिसऱ्या वळणाला हात सवयीनं पहिल्या गिअराकडे गेला
आणि तसाच राहिला.
दुसऱ्यावरच चढत होती. आवाज जाड झालेला,
बाबा चिडले की बोलायचे तसा, खालच्या पट्टीत.

सेंधव्यापुढे सपाटीवर मात्र
साठ ओलांडले आणि दम संपला.
दोन नव्या गाड्या हॉर्न देत निघून गेल्या.
जाऊ दिल्या.

दीडला फोन वाजला. हुरमतच.
चढली का, हे त्यानं विचारलंच नाही.
"धूर कसा हाये? काया का निळा?"
अंधारात दिसत नाही, दादा.
जुनी चावी डॅशबोर्डवर, अगरबत्तीच्या डबीत, वाजते आहे.
उजाडलं की बघून सांगतो.