अंगठा

दमा? नाही. फिट? नाही. कानाचं ऑपरेशन? नाही.
भराभर लिहीत आलीस, मार्तीझ,
आणि त्या एका ओळीपाशी पेन थांबलं.
मी पाठमोरा सिलिंडर भरत होतो,
कॉम्प्रेसर धडधडत होता,
पण तीस वर्षं हाच धंदा केल्यावर
पेन थांबल्याचं ऐकू येतं माणसाला.

"इथेही नाहीच लिहू?" तू विचारलंस,
जसं काही मी मासळीच्या वजनात
चार दाणे सूट देणार होतो.

ओळखतो मी तुला. इम्जारच्या धक्क्यावर
फेरीबोटीतून उतरणाऱ्या गाड्यांना हात करतेस,
नारिंगी जाकीट घालून, उन्हातान्हात.
यंदा हिवाळ्यात दोन महिने
तिथे दुसरंच कुणी उभं होतं.
गोझो एवढंसं बेट. कुणाच्या खिडकीचा पडदा
किती दिवस सरकला नाही, हे पाववालाही सांगतो.
आणि तरी विचारत कुणीच नाही.
मीही नाही विचारलं.

"पाण्याखाली बरं वाटतं मला, कार्मनू.
कुणी बोलत नाही. अंगाला वजन नसतं."
नेमकं हेच मला ऐकायचं नव्हतं.

ऐक. हे वेन्झूशिवाय कुणाला ठाऊक नाही,
आणि वेन्झू तर तिथेच होता.
ज्या वर्षी वडिलांची होडी विकली
त्या वर्षी मीही सगळीकडे नाही लिहिलं होतं.
गोळ्या मोज्यात गुंडाळून गाडीत ठेवल्या,
आणि द्वेयराच्या कड्याला धरून उतरलो.
तीस मीटर. पस्तीस. निळं जांभळट होत गेलं.
हवेचा काटा लाल पट्टीत शिरला.
मी तो वाचला. नीट वाचला.
आणि मला घाई नव्हती.

एवढंच.
मरायचं नव्हतं मला, तसं कुणी म्हणू नये.
घरी सशाचं कालवण शिजत होतं, आठवतही होतं.
लोकांना वाटतं, भीती बुडवते.
भीती वर आणते गं.
ती नसली की काट्याकडे बघत राहतो माणूस
जसं दुसऱ्याच्या घरातलं घड्याळ.

वेन्झूनं पट्टा धरला, आणि माझ्या काचेसमोर
त्याचा अंगठा.

जमिनीवर अंगठा म्हणजे ठेंगा, नाहीतर शाबासकी.
खाली त्याचा अर्थ एकच: चल, वर.
कारण विचारायचं नसतं. वाद घालायचा नसतो.
कान दुखला तर कानाकडे बोट दाखव,
हवा कमी तर मूठ छातीशी धर.
मनासाठी तसली खूण कुणी केलेली नाही.
बरोबरच्याला कळणार कसं?
त्याचाही जीव तुझ्याच भरवशावर असतो.

म्हणून, नाही.
डॉक्टरकडे जा. खरं सांग. मग ये.

तू पेन भिरकावलंस. वेन्झूच्या चहात पडलं ते.
स्कूटरचा आवाज चढणीपर्यंत येत राहिला,
आणि मला रात्री दोनदा जाग आली.

मे महिन्यात आलीस. चौघडी कागद.
गोळी तीच, मात्रा चार महिने तीच, झोप लागते,
बारा मीटरपर्यंत हरकत नाही. खाली सही, शिक्का.
मी दोनदा वाचला.
कागदानं पाणी उथळ होत नाही,
पण त्या ओळीसमोर आता तुझ्या अक्षरात
हो होतं.

श्लेंदीच्या खाडीत उतरलो.
समुद्री गवत एका बाजूला झोपलेलं,
एक ऑक्टोपस दगडासारखा, मग नुसताच दगड.
नवव्या मिनिटाला तू वळलीस
आणि अंगठा वर केलास.
काटा हिरव्यात. मास्क कोरडा.
मी काही विचारलं नाही.
पाच मीटरवर दोरी धरून तीन मिनिटं थांबलो,
तू बोटांवर सेकंद मोजत होतीस.

"थंडी वाजली," वर आल्यावर म्हणालीस.
पाणी तसं गार नव्हतं.
सिलिंडर जवळजवळ भरलेलाच परत आला.
पैसे मी अर्धेच घेतले.