मखमल

एप्रिलात जुरा बेटावर
तोर्किल मॅकफेल गळलेली शिंगं वेचतो.
बुडाशी कधी रक्त ओलं असतं.
दिवस लांबला की नराचा माज उतरतो,
अंडकोष आखडतात, मान बारीक होते,
आणि तो कालच्या वैऱ्याशेजारी
मुकाट चरतो.

मग मखमलीखाली नवं हाड
बोट बोट वाढत राहतं.
ऑगस्टात उजेड आटतो.
मेंदूत कोण मोजतं तो, देव जाणे.
मखमल फाटते, चिंध्या लोंबतात,
ऑक्टोबरात अख्खा डोंगर डुरकतो.

यंदा दर तीन महिन्यांनी
नर्स श्योना येते,
तोर्किलच्या पोटात सुई टोचते.
गाठ वाढू नये म्हणून
आतला ऑक्टोबर बंद.
"रात्री घाम फुटतो," तो सांगतो.
"बाकी काय, उतरला माज."
हसतो. चहात साखर घालायला विसरतो.

फार वर्षांमागे त्याने एक नर पाहिला होता,
कुंपणाच्या तारेने खच्ची झालेला.
त्याची शिंगं गळत नव्हती,
मखमल सुटत नव्हती,
भर जानेवारीत, बर्फात,
तशीच मऊ.

"नेम धरला होता मी,"
एवढंच म्हणाला,
आणि शिंगांची मोळी
दुसऱ्या खांद्यावर घेतली.