दुसऱ्यातून तिसऱ्यात

मार्च संपत आला तरी गॅरेजच्या दाराशी बर्फ पडून आहे, काळाकुट्ट.
सुपीरियर सरोवराकाठच्या रस्त्यांवरचं मीठ खाऊन खाऊन
ट्रकच्या बुडाचे पापुद्रे सुटलेत.
पाठीवर सरकत आत गेलो की जिभेवर पहिला येतो तो गंज.

मालक नवा, लाकूड-गिरणीतला पोरगा, बोद्री त्याचं नाव.
म्हणाला, बाकी सगळं ठीक आहे,
फक्त दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना लाथ घालतो.
व्हॉल्व्ह बॉडी, मी म्हटलं, आणि आकडा सांगितला.
तो थोडा वेळ बुटांकडे बघत राहिला,
मग किल्ली दिली.

पॅन एका कोपऱ्यातून सैल करायचा,
म्हणजे तेल शहाण्यासारखं बादलीत उतरतं.
उतरत नाही. बाहीतून काखेपर्यंत गेलं,
कोमट. कधीकाळचं चेरीसारखं लाल,
आता जळक्या साखरेच्या वासाचं.
चुंबकावर राखाडी लव साठलेली.
आयला घाबरली. हे सगळं आतून झिजलं?
एवढं तर माझ्या गुडघ्यांतूनही निघेल, म्हटलं. विजेरी नीट धर.

दहा बोल्ट.
काजळी पुसली तर प्रत्येकाच्या डोक्यावर पिवळा ठिपका.
घट्ट केला, तपासला, अशी खूण.
कुणीतरी नीट काम करणारा होता, मी म्हणालो.
मीही पूर्वी पिवळाच लावायचो.
आणि तरीही, तेव्हाही,
डोक्यात काही उजाडलं नाही.

जुनी व्हॉल्व्ह बॉडी उघडायची काहीच गरज नव्हती.
नवी खोक्यात तयार होती, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली.
पण पोरीला शिकायचं होतं.
तिने पत्रा उचलला, आणि आत त्या वाटा:
भुंग्याच्या अळीने अ‍ॅश झाडाच्या सालीखाली कोराव्यात तशा,
वळत, अडत, एकमेकींना चुकवत जाणाऱ्या.
वाटांत ठिकठिकाणी पोलादाच्या गोळ्या, वाटाण्याएवढ्या.
तेल आलं की हलायचं, दार लावायचं,
धक्का अंगावर घ्यायचा, एवढंच त्यांचं काम.

आठ आहेत, आयला म्हणाली.
नऊ असतात. परत मोज.
तिने परत मोजल्या.
मी बादली गाळली, जुन्या बनियनमधून, दोनदा.
आठ.

मग मी दाराच्या कडेचा रंग नखाने खरवडला.
काळ्याखाली हिरवा.

वेइको हाक्कोला. अकरा वर्षं झाली.
इथेच उभा होता, टोपी हातात.
तू दुरुस्त केल्यापासून धक्का मारतो, म्हणाला,
आऊनेचं ऑपरेशन झालंय,
तिसरा पडला की तिचे टाके ओढले जातात.
मी वर बघितलंसुद्धा नाही.
ट्रकला काही झालेलं नाही, म्हटलं,
तुझा पाय जड आहे. तिसऱ्याच्या आधी पाय उचलत जा.
त्याने मान डोलावली. बिल दिलं.
पुढच्या उन्हाळ्यात ट्रक विकला, मिळेल त्या भावात.

नवी बसवली. एकशे पाच इंच-पौंड.
फूट नव्हे, इंच, मी आयलाला तीनदा बजावलं,
आणि एकाही बोल्टवर ठिपका लावला नाही.
ती विचारणार होती. विचारलं नाही तिने.
ताजं तेल ओतलं, पुलापर्यंत जाऊन आलो.
दुसऱ्यातून तिसरा कधी पडला कळलंच नाही,
फक्त इंजिनाचा आवाज खाली उतरला,
बोलणारा माणूस खुर्चीत टेकावा तसा.

संध्याकाळी फोन केला.
आऊनेनेच उचलला.
मी सगळं सांगितलं, गोळीसकट, गोळी कुठे गेली ते मला माहीत नाही तेही.
पलीकडे रेडिओ चालू होता, तो तिने बंद केला.

म्हणजे पाय नव्हता त्याचा, ती म्हणाली.
नव्हता.

बराच वेळ काही नाही. मग हसल्यासारखा आवाज,
नक्की हसूच होतं असं मी सांगणार नाही.
आता आमच्याकडे छोटी गाडी आहे, ती म्हणाली,
गिअर बदललेला कळतही नाही तिच्यात.
तरी तो उचलतो पाय.
मी बाजूला बसलेली असले
की दर वेळी उचलतो.