किल्ला आज बंद आहे

प्रभा एडिंबराला पोचली
आणि मंगळवारपासून मी इंग्रजांच्या घड्याळावर जगून राहिलो.
(इंग्रज म्हणायचं नाही, तिने बजावलं,
इथले लोक चिडतात. स्कॉटिश म्हणा.)
आपले सकाळचे नऊ म्हणजे तिकडे साडेचार.
झोपली असेल, म्हणून फोन पालथा ठेवतो
आणि कूलरमध्ये पाणी भरतो.

पहिल्या दिवशी एकच फोटो आला,
खिडकीबाहेर काळ्या धुराड्यांची रांग
आणि खाली दोन शब्द: थंडी आहे.
शेहेचाळीस डिग्रीत, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन
ते दोन शब्द मी पाचदा वाचले.
उपयोग झाला नाही.

मग तिला पाय फुटले.
गजभिये मॅडम गुडघा धरून गेस्ट हाउसात बसल्या
आणि ही एकटीच निघाली,
तेहतीस वर्षं विम्याच्या फायलींत बसलेली बाई,
नकाशा उलटा धरून
चढावर चढाव चढून राहिली.
लग्नातल्या बँडवाल्यासारखा एक जण, म्हणाली,
घागरा घालून कोपऱ्यावर पिशवी वाजवतो,
पैसे टाकले नाहीत तरी वाजवतो.

"इथे बोळाला क्लोज म्हणतात.
बंद म्हणून, की जवळ म्हणून? कोणाला विचारू?"
मी लिहिलं, महालातले बोळ आठव,
पुढे भिंत
आणि शेजारच्या फोडणीचा ठसका आपल्या नाकात.
दोन्ही असेल.
उत्तरादाखल अंगठा आला.

मालकीण मोरॅगबाईंना हिने संत्रा बर्फी दिली.
त्यांनी सकाळी पावाबरोबर चमचाभर काहीतरी कडू वाढलं,
संत्र्याच्या सालीचा मुरंबा.
"अहो, साल!
आपण जन्मभर बादलीत टाकली
ती हे लोक काचेच्या बरणीत ठेवतात!"
एवढं चकित होऊन ती माझ्याशी
कधी बोलली होती, ते आठवेना.

त्या संध्याकाळी संत्रा मार्केटात गेलो.
मे महिना. जिकडेतिकडे आंबे नाहीतर टरबुजं.
एका पोट्ट्याने टोपलीच्या तळातून काढलं एक,
मृग बहराचं, चुकून उरलेलं, सुरकुतलेलं.
"काकाजी, काहून नेता? याचा रसबी नाही निघत."
ऑटो स्टँडशी उभा राहून साल चावली.
कडू. सरळ कडू.
साखर ते घालत असतील, इथे कोण घालणार.
अर्धं संत्रं रुमालात बांधून खिशात ठेवलं.

शुक्रवारी ती किल्ल्यावर.
तिकीट केवढ्याचं ते सांगितलं नाही,
रुपयात मोजायचं नाही असं ठरलंय त्यांचं.
"तुम्ही कुठे?"
"बर्डीवर."
आपल्या किल्ल्याखालीच उभा होतो.
फौजेचा आहे, वर्षातून दोन-तीन दिवस उघडतो,
आणि त्या दिवशी कधी पाहुणे, कधी ताप,
एकदा तर नुसताच आळस.
छत्तीस वर्षं याच्या पायथ्याशी आम्ही भाजी घेतली,
वांग्याच्या भावावरून भांडलो,
वर काय आहे, दोघांनाही माहीत नाही.

"ऐका हं. एक वाजता तोफ उडते इथे.
घड्याळं लावायला."
फोन तिने वर धरला असावा.
वारा. कुणाचं तरी मूल रडत होतं.
मग धप्प,
मागच्या खोलीत कुणी पोतं टाकावं तेवढंच.

मी वर पाहिलं.
झेंडा हलला नाही.
कबुतरं बसल्या जागी बसून राहिली.

"आली ऐकू?"
"आली."
"तुमचा किल्ला काय म्हणतो?"
"आज बंद आहे."
ती हसली, किंवा वारा असेल.
मग सांगत सुटली, इथून समुद्र दिसतो,
गच्च्या, एक लांबलचक पूल,
थांबा, ढग आला, आता काहीच दिसत नाही.

माझ्या मनगटावर पाच अठ्ठावीस झाले होते.
दोन मिनिटं मागे.
लावून घेतलं.